पगच्या नाकावरची घडी आणि मराठवाड्याची खांदमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी लातूर-नांदेडच्या गावांत बैलांची खांदमळणी होते. बैल धुऊन आणायचे, जू जिथे बसते तो खांदा गरम पाण्याने शेकायचा आणि हळद कालवलेले लोणी किंवा तेल तिथे हलक्या हाताने चोळायचे. वर्षभर औत आणि गाडी ओढून त्या जागेची कातडी घट्टावलेली असते, कधी केस उडालेले असतात, कधी खांदा सुजून आलेला असतो. माणसाच्या कामापायी जनावराच्या ज्या जागेला इजा होते, नेमकी तीच जागा माणसाने आपल्या हाताने तपासावी, असा या प्रथेचा गाभा आहे. लातूर, उदगीर, नांदेडच्या घरांतून आता पग नावाचे चपट्या तोंडाचे कुत्रे दिसते, तेव्हा ही प्रथा मला महत्त्वाची वाटते. पगच्या नाकावरची घडी हीसुद्धा माणसाचीच करणी आहे. मात्र जू संध्याकाळी उतरते, घडी उतरत नाही. म्हणून तिची निगा सणापुरती करून भागत नाही, ती रोजची आहे; आणि ती करताना खांदमळणीची वृत्ती घ्यावी, तिचे तेल घेऊ नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कातडीच्या घड्या निसर्गानेच दिलेल्या असतात, त्यात माणसाची करणी कसली? आपल्या देवणी बैलाकडे पाहा. लातूर जिल्ह्यातल्या देवणी परिसराचे नाव लाभलेली ही जात. तिच्यातले वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे प्रकार रंगावरून ओळखले जातात. तिच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी किती भरदार असते, आणि ती रोज कोणी पुसत बसत नाही. उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून निघतो तो उलटा निष्कर्ष. पोळी मोकळी लोंबते. तिच्या दोन्ही अंगांना वारा लागतो, चालताना ती हलते, आणि अंगाचा उष्मा बाहेर टाकायला कातडीचा तो जादा पसारा उपयोगीच पडतो. पगच्या नाकावरची घडी मिटलेली असते. कातडीला कातडी घासते, आत वारा शिरत नाही, आणि वरून डोळ्यांचे पाणी सतत झिरपत राहते. सैल कातडी ही एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन परिणाम घडवते. या मातीत वावरलेल्या कुत्र्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. कारवानी आणि लांब केसांचा पश्मी ही मराठवाड्यात सांभाळली गेलेली शिकारी कुत्री; लांब निमुळते तोंड, अंगालगत ताणलेली कातडी. धनगराच्या कळपामागचे कुत्रेही लांब तोंडाचेच. त्यांच्या चेहऱ्यावर पुसण्यासारखी घडीच नव्हती, म्हणून ती पुसण्याची रीतही इथे रुजली नाही. रीत नसणे म्हणजे गरज नसणे, असा अर्थ काढून पग पाळणाऱ्यांची फसगत होते.

पगची घडी आली कुठून, याचा इतिहास बराच स्पष्ट आहे. हे कुत्रे मूळचे चीनच्या दरबारातले. तिथे त्याच्या कपाळावरच्या सुरकुत्यांना मान होता; ‘राजा’ या अर्थाच्या चिनी अक्षराचा आकार त्यांत उमटावा अशी हौस होती. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते युरोपात गेले आणि १६८८ नंतर विल्यम आणि मेरी यांच्याबरोबर इंग्लंडच्या राजवाड्यात स्थिरावले. त्या काळचा पग कसा दिसे याचा साक्षीपुरावा एका चित्रात आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र पुरे केले, त्यात त्याने आपला ट्रम्प नावाचा पगही रंगवला. आज लंडनच्या टेट संग्रहालयात असलेल्या या चित्रातल्या कुत्र्याला ठसठशीत नाक आहे. त्याच्याशेजारी आजचा पग ठेवला तर दोघे एकाच जातीचे आहेत हे मुद्दाम सांगावे लागेल. मधल्या काळात काय घडले? १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब निघाला, १८८३ मध्ये पगचा स्वतंत्र क्लब झाला. जातीचे लक्षण कागदावर उतरले आणि बक्षीस त्या लक्षणाला मिळू लागले. चपटे तोंड हे लक्षण ठरल्यावर अधिक चपट्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली. हाड आखडले, पण त्यावरची कातडी त्या प्रमाणात आखडली नाही. उरलेली कातडी दुमडली, तीच ही घडी. नाक मागे गेल्याने डोळ्यांच्या खोबण्याही उथळ झाल्या आणि डोळे बाहेर आले.

चपट्या तोंडाच्या दुसऱ्या एका जातीच्या, बुलडॉगच्या बाबतीत एक समर्थन हमखास दिले जाते: बैलाशी झुंजताना बैलाचे रक्त डोळ्यांत न जाता ओघळून जावे म्हणून या घड्या होत्या. ऐकायला हे पटते, पण काळाचा क्रम त्याविरुद्ध आहे. बैल-कुत्र्यांच्या झुंजी इंग्लंडात १८३५ च्या कायद्याने बंद झाल्या. झुंजी चालू असतानाचे १८१७ चे ‘क्रिब आणि रोझा’ हे प्रसिद्ध चित्र पाहा. त्यातल्या बुलडॉगांची तोंडे आजच्यापेक्षा कितीतरी लांब आणि चेहरे साफ आहेत. खोल घड्यांचा चेहरा झुंजी संपल्यावर, प्रदर्शनांच्या काळात घडला. कामाने जनावराला आकार दिला तर त्या आकाराला कामाचीच मर्यादा राहते. चालता न येणारा देवणी बैल कोणी वंशासाठी ठेवत नाही. निव्वळ दिसण्यासाठी दिलेल्या आकाराला अशी मर्यादा उरत नाही.

आपल्याकडे पगला घरोघरी ओळख मिळाली ती २००३ च्या हच मोबाइलच्या जाहिरातीमुळे. एका मुलाच्या मागे मागे चालणारे ते कुत्रे देशभर आवडले आणि मागणी वाढली. जाहिरातीत घडीच्या आतला भाग दिसत नाही. तिथे अश्रू, लाळ, अन्नाचे कण आणि मेलेल्या कातडीचा थर साचतो. त्या ओलीत जंतू आणि यीस्ट वाढतात, कातडी लाल होते, चिघळते, आंबूस दुर्गंध येतो. घडीवरचे केस बुबुळाला घासून डोळ्यात जखम होते आणि दुर्लक्ष झाले तर नजर जाण्यापर्यंत मजल जाते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा संकरित कुत्र्यांच्या तुलनेत घडीतल्या त्वचादाहाची शक्यता पगमध्ये सुमारे १६ पट, फ्रेंच बुलडॉगमध्ये २६ पट आणि इंग्लिश बुलडॉगमध्ये ४९ पट आढळली. हे तिथल्या थंड हवेतले आकडे. लातूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आखूड नाकाचे कुत्रे सारखे धापा टाकते, तोंडाभोवती लाळ साचते. पुढे पावसाळ्याच्या दमट हवेत घडी वाळतच नाही.

अशा वेळी घरातला हात सहज हळद-तेलाकडे जातो, आणि इथेच जुनी रीत जशीच्या तशी उचलणे महागात पडते. बैलाचा खांदा कोरडा, राठ, घासलेला असतो. स्निग्धाने तो मऊ पडतो. घडी आधीच ओली असते. तेलाने ती ओल आत कोंडली जाते आणि हळदीची पूड तिथे गोळा होऊन बसते. टाल्कम पावडरचेही तेच, आणि स्पिरिट तर चिघळल्या कातडीला जाळते. निगा खरे तर साधी आहे. घडी दोन बोटांनी उघडायची, कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती कपड्याने तळापर्यंत हळूच पुसायची, आणि मग कोरड्या कपड्याने पूर्ण टिपून घ्यायची. या दोन कृतींत दुसरी अधिक मोलाची, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. क्लोरहेक्झिडिनची औषधी फडकी वापरायची तर डॉक्टरांना विचारून, आणि डोळ्यापासून दूर, कारण ते औषध बुबुळाला इजा करते. लाली, वास, पू किंवा मिटलेला डोळा दिसला की घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठावा. घडी फार खोल असेल तर ती शस्त्रक्रियेने काढतातही.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कुत्र्याच्या नाकाची घडी पुसण्याचा विषय काढणे काहींना श्रीमंती चोचले वाटेल. त्या उन्हाळ्याची आठवण ठेवूनही मला हा आक्षेप मान्य नाही. वाटीभर पाणी आणि दोन फडकी, एवढाच हा खर्च आहे. आणि विकत आणलेल्या जनावराची वेदना मालकाच्या ऐपतीवरून कमी-जास्त होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुसत बसण्यापेक्षा असे कुत्रे जन्मालाच का घालावे? तो मला पटतो. नेदरलँड्सने २०१९ पासून कवटीच्या एक तृतीयांशाहून तोकडे नाक असलेल्या कुत्र्यांची पैदास बंद केली. भारतात कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत पैदासकाराच्या नोंदणीची सक्ती आहे, नाकाचे माप नाही. पण पैदास थांबवण्याचा विचार आज घरात असलेल्या पगची घडी कोरडी करत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत.

त्यातल्या पैदाशीला आळा घालण्याच्या कामाची सुरुवात जवळच होऊ शकते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी जनावरांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते, आणि खंडोबाच्या दारात कुत्र्याला पूर्वीपासूनच मान आहे. इंग्लंडात हा चेहरा बक्षिसांनी बिघडवला, तेव्हा इथे बक्षिसाचा निकष आधीच नीट ठरवता येईल. चपट्या तोंडाचे कुत्रे समोर आले की परीक्षकाने घडी उघडून आत पाहावे, कुत्र्याला काही मिनिटे चालवून त्याचा श्वास ऐकावा, नाकाची लांबी मोजावी, आणि या तिन्हींत उणे ठरलेल्याला क्रमांक देऊ नये. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे अशी तपासणी करू शकणारे परीक्षक मराठवाड्याबाहेरून बोलवावे लागणार नाहीत.