कपाशीचा भाव आणि मटक्याचा आकडा

द्यूताचे व्यसन नवे नव्हे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचाच विलाप आहे. तथापि कपाशीच्या ज्या मुलखात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, आपण राहतो, त्या कपाशीशी मटक्याचे असलेले नाते पुष्कळांस ठाऊक नसेल.

न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व बंद होतेवेळचे भाव मुंबईस येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले; खेळ मात्र थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत व १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत मटका चालविला. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे उरले.

तरुण यात का सापडतो? पोळ्याला व दिवाळीला घरची वडील मंडळीच पत्ते मांडतात आणि मुले शेजारी बसून पाहतात. पुढे हाताला काम नसते, मित्रांचा आग्रह असतो. एकदा आकडा लागला की ती आठवण पुढच्या सर्व हरण्यांस झाकून टाकते. मग कर्ज फेडण्यासाठी पुन्हा डाव, आणि लाजेपोटी मौन!

आता तर मोबाईलमुळे जुगाराचा फड खिशात आला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. परंतु घरच्या ओसरीवर कायद्याचा पहारा नसतो. तेथे आपणच जागे राहिले पाहिजे. ज्ञातिबांधवांनी सणाचे पत्ते मुलांसमोर मांडू नयेत आणि कर्जाची कबुली देणाऱ्या मुलास आधी जवळ घ्यावे, बोल मागाहून लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे.