जुनं अमेरिकन पॉकेट वॉच फोनने कसं ओळखायचं? नंबर, सोनं आणि टिकटिक

घरातल्या जुन्या पेटीत किंवा एखाद्या ऑनलाइन जाहिरातीत 'एल्जिन', 'वॉल्थम' किंवा 'हॅमिल्टन' असं नाव असलेलं खिशातलं घड्याळ दिसलं, तर ते कोणत्या वर्षाचं, कोणत्या दर्जाचं आणि खरंच सोन्याचं आहे का, हे बरंचसं तुमच्या हातातल्या फोनवरून शोधता येतं. अमेरिकन घड्याळांत ही सोय खास आहे. तिथल्या मोठ्या कारखान्यांनी घड्याळाच्या प्रत्येक मशीनवर वेगळा नंबर कोरला आणि त्या नंबरांच्या नोंदी बऱ्याच प्रमाणात टिकल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक घड्याळाला प्रायमरी की आहे आणि टेबलही हाताशी आहे. फक्त क्वेरी नीट लिहिता आली पाहिजे.

मी मूळचा अकोल्याचा. या लेखातलं उदाहरण अमरावतीच्या एका मित्राच्या घरचं आहे. त्याचे पणजोबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. त्यांचं एल्जिन घड्याळ '१८६७ चं, पहिली गाडी आली तेव्हाचं, सोन्याचं, रेल्वेने दिलेलं' असं घरात तीन पिढ्या सांगत आल्या. यंदा बहिणीच्या फीसाठी ते मोडीत काढायचं घाटत होतं. एका ऑनलाइन खरेदीदाराने फोटो पाहून '१८८० च्या आसपासचं' असं सांगितलं, सराफाने मशीनवर '१४ कॅरेट' दाखवलं. म्हणजे एका घड्याळाबद्दल तीन दावे. मोडीत टाकलेलं घड्याळ परत येत नाही, त्यामुळे आधी तपासणं भाग होतं.

दोन नंबर असतात, त्यातला कामाचा एकच

अमेरिकेत त्या काळी घड्याळाचा कारखाना बहुतेकदा फक्त आतलं मशीन बनवायचा. बाहेरची केस कीस्टोनसारख्या वेगळ्या कंपन्या बनवायच्या. गिऱ्हाईक दुकानात जाऊन मशीन निवडायचं, केस निवडायचं आणि दुकानदार दोन्ही जोडून द्यायचा. फोन आणि कव्हर वेगवेगळं घ्यावं तसं. म्हणून झाकणाच्या आत कोरलेला नंबर हा कव्हरचा नंबर समजा. घड्याळाचा आयएमईआय म्हणावा असा नंबर मशीनच्या धातूच्या प्लेटवर असतो. खरेदीदाराने '१८८०' काढलं होतं ते झाकणावरच्या नंबरावरून. बाजारात हे सर्रास चालतं, कधी अज्ञानाने, कधी मुद्दाम.

मशीनपर्यंत जायचं तर मागचं झाकण आधी अंगठ्याने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून पाहा. बऱ्याच केसना आटे असतात. बिजागरी दिसत असेल तर कडेला नख अडकेल एवढी खाच शोधा, काही केसना आत अजून एक झाकण असतं. काही केस मागून उघडतच नाहीत. त्यांची काच पुढून फिरवून काढावी लागते आणि मशीन बिजागरीवर पुढे झुलतं. कांदे चिरायचा चाकू मात्र लावू नका. आणि आत जे गोल चाक मागेपुढे डोलतं, त्याला बोट नको. ते बॅलन्स व्हील, घड्याळाचा जीव.

फोटो काढताना फ्लॅश बंद. खिडकीजवळ बसा, उजेड बाजूने तिरका पडू द्या, म्हणजे कोरीव अक्षरांची सावली पडते. फोन अगदी जवळ नेऊन अंधुक फोटो काढण्यापेक्षा थोडं लांबून झूम करा. मग 'पॉकेट वॉच डेटाबेस' या वेबसाइटवर कंपनी निवडून नंबर टाका. पाहायला पैसे लागत नाहीत. अंदाजे वर्ष, ग्रेड, आकार आणि ज्वेल समोर येतात.

इथे एक सावधगिरी. आयएमईआयचा शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर सिस्टिमला कळतं. घड्याळाच्या नंबरात असा चेक डिजिट नाही. ३ चा ८ वाचलात तरी डेटाबेस काहीतरी उत्तर देईल, आणि तेही ठामपणे. म्हणून नोंदीतला आकार, ज्वेल आणि मशीनचा फोटो हातातल्या वस्तूशी जुळतो का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ज्वेल म्हणजे घर्षण कमी करायला बसवलेले छोटे माणकाचे खडे. वर्षही वर्षा-दोन वर्षांच्या फरकाने धरा, कारण नंबरांचे गट आधीच वाटून ठेवायचे आणि मशीन नंतर बनायचं.

मित्राच्या घड्याळाचा नंबर दीड कोटीच्या घरातला निघाला. म्हणजे साधारण १९१०. '१८६७' हे रेल्वेचं वर्ष आहे, घड्याळाचं नव्हे. गंमत म्हणजे एल्जिन कंपनीचं पहिलं घड्याळ विक्रीला आलं तेही १८६७ मध्येच, आणि त्याचा नंबर होता १०१. तिथून दीड कोटीपर्यंत जायला चाळीसेक वर्षं लागली. एका कंपनीचा हा वेग!

वऱ्हाडचा कापूस आणि वॉल्थम

हा वेग आला कुठून? वॉल्थमच्या कंपनीने १८५० च्या दशकात सुटे भाग यंत्रावर बनवायला सुरुवात केली होती, पण धंदा डळमळीत होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने तो सावरला. उत्तरेच्या सैनिकांनी 'विल्यम एलरी' हे स्वस्त मॉडेल धडाधड विकत घेतलं. त्याच युद्धात दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि आपल्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये, युद्ध संपून भाव उतरल्यावर. एकाच लढाईने तिकडे घड्याळाचा कारखाना उभा केला आणि इकडे कपाशीचं पीक वाढवलं. शाळेत आम्हाला हे दोन्ही धडे वेगवेगळ्या पुस्तकांत होते.

'रेल्वेचं घड्याळ' म्हणजे काय

डायलवर किंवा झाकणावर इंजिनाचं चित्र असलं की जाहिरातीत 'रेल्वे वॉच' लिहितात. चित्राला काही अर्थ नाही, ते सजावटीसाठी कुणीही कोरायचं. अमेरिकेत या शब्दामागे नियम होते. १९ एप्रिल १८९१ ला ओहायो राज्यात किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. चालकाचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं असं सांगतात. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि पुढे जे कडक निकष रुळले ते साधारण असे: आकार १६ किंवा १८, किमान १७ ज्वेल, पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेलं, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही, झाकण नसलेला उघडा चेहरा, ठळक आकडे आणि 'लिव्हर सेट'.

हे लिव्हर सेट प्रकरण माहीत असू द्या. अशा घड्याळात चावीचं बटण ओढून काटे फिरत नाहीत. काचेची कडी उघडून डायलच्या काठाशी असलेली छोटी पट्टी बाहेर ओढावी लागते. खिशात चुकून वेळ बदलू नये म्हणून ही तजवीज. माहिती नसलेला माणूस 'बिघडलंय' म्हणून बटण जोरात ओढतो आणि तेव्हा ते खरंच बिघडतं.

आकारही इंचात किंवा मिलिमीटरमध्ये नसतो. ० आकार म्हणजे एक पूर्णांक ५/३० इंच आणि पुढे दर नंबराला १/३० इंच वाढ. त्या हिशोबाने १६ म्हणजे ४३.२ मिमी आणि १८ म्हणजे ४४.९ मिमी. माप मशीनच्या डायलकडच्या प्लेटचं घ्यायचं, केसचं नाही.

मित्राचं घड्याळ १५ ज्वेलचं आणि बटण ओढून वेळ लावायचं. अमेरिकन निकषात ते बसत नाही. पण जीआयपी रेल्वेला अमेरिकेचे निकष पाळायचं काही कारणच नव्हतं. पणजोबा ड्यूटीवर तेच वापरायचे की नाही, हे कुठलाही डेटाबेस सांगणार नाही. तो दावा घरच्या आठवणीवरच उभा आहे, आणि मला तो खोटा ठरवायची घाई नाही. त्या काळी घड्याळाची गरज होतीच. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ येईपर्यंत रेल्वे मद्रास वेळेवर चालायची आणि अकोल्याची सूर्याची वेळ तिच्यापेक्षा सुमारे तेरा मिनिटं मागे. गावच्या वेळेवर स्टेशनला गेलात तर गाडी गेलेली.

मी आतापर्यंत अकोला-अमरावतीत पाहिलेल्या जुन्या खिशातल्या घड्याळांत बहुतेक स्विस होती. त्यात 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हे नाव बऱ्याचदा दिसतं. इंग्रजी नाव आणि डायलवर 'बॉम्बे' पाहून लोक गोंधळतात, पण घड्याळं स्विस बनावटीची. तो नंबर अमेरिकन डेटाबेसमध्ये टाकून उपयोग नाही.

१४ कॅरेट? कुठपर्यंत?

केसच्या आत 'गोल्ड फिल्ड' किंवा 'वॉरंटेड २० इयर्स' असं कोरलेलं असेल तर ते भरीव सोनं नाही. पितळेसारख्या धातूच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा पत्रा चिकटवून केलेलं ते सँडविच आहे, आणि २० वर्षं म्हणजे सोनं झिजून पितळ दिसायला लागणारा अंदाजे काळ. सराफाकडचं एक्स-रेवर चालणारं मशीन वरचे थोडेच मायक्रॉन पाहतं, कसोटीचा दगडही वरचाच थर घासतो. त्यामुळे '१४ कॅरेट' हे उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. मित्राच्या केसमध्ये '२० इयर्स' स्पष्ट होतं आणि वरच्या कडीच्या आतल्या बाजूला पितळ उघडं पडलं होतं. वजनावर लावलेला सोन्याचा भाव तिथेच गळाला. चांदीचंही असंच. 'कॉइन सिल्व्हर' म्हणजे साधारण ९० टक्के चांदी, पण 'सिल्व्हरॉइड', 'सिल्व्हरीन', 'निकेल सिल्व्हर' यांत चांदी फक्त नावात आहे.

टिकटिक ऐकणारं अ‍ॅप

ही घड्याळं साधारणपणे तासाला १८,००० ठोके देतात, सेकंदाला पाच. 'टाइमग्राफर' शोधलंत तर फोनच्या माइकने हे ठोके ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते सांगणारी अ‍ॅप्स मिळतील. सेटिंगमध्ये १८,००० स्वतः टाका. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि घड्याळातली केसासारखी स्प्रिंग बहुधा पोलादी, म्हणून घड्याळ फोनवर ठेवू नका. वायरच्या इअरफोनचा माइक त्याला टेकवा. रात्री पंखा बंद करून मोजलं तर आकडा स्थिर येतो. डायल वर, डायल खाली, बटण वर असं फिरवून पाहा.

आठवड्याला ३० सेकंद म्हणजे दिवसाला चार सेकंदांच्या आसपास, दहा लाखांत सुमारे ५० चा फरक. फोनमधला साधा क्वार्ट्झ क्रिस्टल दहा लाखांत वीसेक चुकतो. शंभर वर्षांपूर्वीचं स्प्रिंगवरचं यंत्र त्याच्या इतक्या जवळ होतं, हे मला अजूनही पटायला जड जातं.

मात्र वर्षानुवर्षं बंद असलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊन अ‍ॅप लावू नका. वाळलेल्या तेलात चाकं घासली जातात. अकोल्यातल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी मित्राचं एल्जिन हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "याले आंधी तेल पाह्यजे, चाबी मंग." साफसफाईनंतर ते डायल वर ठेवून दिवसाला ३५ सेकंद पुढे जातं, उभं धरलं की दीड मिनिट मागे. १५ ज्वेलच्या, शतक ओलांडलेल्या मशीनला हे वाईट नाही.

परदेशातून कुणी चांगला भाव देत असेल तरी थेट कुरिअर करू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येऊ शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आधी पुरातत्त्व विभागाकडे लेखी विचारा. मित्राच्या बहिणीची फी शेवटी दुसरीकडून भरली गेली. घड्याळ विकायचं की नाही, यावर त्यांच्या घरी अजून वाद चालू आहे.