थर्मोस्टॅटवाचून चालणारं इंजिन

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका ओळखली जाते ती तिच्या सिलिंडरांवरून. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मोठ्या नौकांमधल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं कूळ मात्र समुद्रावरचं नाही, रस्त्यावरचं आहे. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने ट्रक बनवण्यासाठी डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. १९५५ मध्ये अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. पुढे या कंपन्यांच्या ट्रकचं डिझेल इंजिन देशभर इतकं पसरलं की त्याचे सुटे भाग आणि त्यावर हात बसलेले मेस्त्री गावोगाव मिळू लागले. हे इंजिन ट्रॉलरमध्ये आलं त्यामागे हे मोठं कारण होतं. अशोक लेलँडने सागरी बनावटीची इंजिनंही काढली, पण जुन्या ट्रकचं इंजिन उतरवून नौकेत बसवणं स्वस्त पडे. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, नौका वर ओढल्या की इंजिनं खोलायची, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि रिंगा पाहायच्या आणि पुन्हा बांधायची. बांधताना एखादा भाग हाताशी नसला तर त्याच्यावाचून चालेल का? इंजिन सुरू झालं एवढा पुरावा इथे पुरेसा धरला जातो, आणि तो मला अपुरा वाटतो. तो भाग जे काम करत होता ते आता कोण करतं, हे आधी पाहिलं पाहिजे.

रेडिएटर आणि पंखा नौकेत नसतात आणि त्यांची उणीवही भासत नाही, कारण उष्णता वाहून नेण्याचं काम समुद्राचं पाणी करतं. उलट, ट्रकमध्ये ज्याची गरजच नव्हती असा आधार नौकेत अत्यावश्यक ठरतो. प्रोपेलरचा रेटा दांड्यातून आत येतो. तो पेलणारं थ्रस्ट बेअरिंग गिअरबॉक्समध्ये नसेल, तर तो भार क्रँकशाफ्टच्या पातळ वॉशरांवर येतो आणि ते झिजून जातात.

खरा वाद थर्मोस्टॅटचा आहे. इंजिन गार असताना पाणी आतल्या आत फिरवायचं आणि ते साधारण ८० अंशांपर्यंत तापलं की बाहेरची वाट उघडायची, एवढंच त्याचं काम. देशभरातल्या गॅरेजांत तो सर्रास काढून टाकला गेला. ‘थंड देशातली वस्तू ती, आपल्या उन्हात कशाला?’ हा त्यामागचा युक्तिवाद. परदेशी भागांवर आयात परवान्यांची बंधनं होती त्या काळात तो व्यवहार्यही होता, हे मान्य केलं पाहिजे. पण प्रश्न लायनरच्या भिंतीच्या तापमानाचा आहे, आणि कोकणातली ३५ अंशांची हवासुद्धा त्या भिंतीच्या मानाने गारच. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या मोटार-संशोधकांनी दाखवून दिलं की सिलिंडरची झीज फक्त घासण्याने होत नाही. गार भिंतीवर ज्वलनातली वाफ साकळते आणि तिचं आम्ल धातू खातं. आपल्याकडच्या डिझेलमध्ये तर १९९० च्या दशकापर्यंत एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन सुरू होई, ओढही देई, आणि लायनर अकाली खात राही. दोष मात्र तेलावर किंवा रिंगांवर जाई.

यावर मेस्त्र्यांचं एक उत्तर बिनतोड आहे. इंजिनात थेट खारं पाणी फिरवलं, तर साठ अंशांच्या आसपास क्षार धरू लागतात आणि वाटा बुजतात. अशा नौकेत ८० अंशांचा थर्मोस्टॅट असण्यापेक्षा नसलेला बरा. तिथे कमी तापमानाला उघडणारा हवा. पण गोडं पाणी आत फिरून बाहेरच्या खाऱ्या पाण्याने गार होत असेल, तर ही सबब उरत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दशलक्षात १० भागांवर आलं, मग आम्लाची भीती कसली? भीती बरीच कमी झाली, हे खरं. तरी गार इंजिनात अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवरून ओघळून ऑइल पातळ करतं आणि नोझलवर काजळी धरते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे पाणी आतल्या आत फिरवणारी, वाट बंदही करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग थंड न होताच परत फिरतो. नौका जाळं ओढत असताना, पूर्ण भाराखाली, इंजिन तापतं ते या कारणानेही. तिथे थर्मोस्टॅट बसवायचाच नसेल, तर बायपास अंदाजाने नव्हे, त्या मॉडेलची जलवाहिनी पाहून नियंत्रित करावा लागतो.