स्वयंनिर्मित विमानांतील पर्यायी एंजिनांचा आवाज

हौशी व्यक्तीने संचापासून किंवा आराखड्यावरून स्वतः बांधलेल्या विमानात लायकमिंग, कॉन्टिनेन्टल अशा रूढ एंजिनांऐवजी दुसरे एंजिन बसविल्यास निर्माण होणारा आवाज. खर्च वाचावा म्हणून फोक्सवॅगन बीटल, शेव्हरोले कॉर्व्हेअर, सुबारू, माझदा या मोटारींची एंजिने वापरली जातात. बर्ट रुटान यांचे व्हॅरिईझ १९७५ मध्ये प्रथम उडाले, ते फोक्सवॅगन एंजिनावर. ऑस्ट्रियातील रोटॅक्स ९१२ खास विमानांसाठी बनते. तथापि वेगळ्या रचनेमुळे त्याचाही विचार येथे केला आहे.

उगम : आवाज मुख्यतः प्रॉपेलर आणि निष्कास (एंजिनातून बाहेर पडणारे जळके वायू) यांतून येतो. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनिवेगाकडे सरकू लागला की आवाज झपाट्याने वाढतो. रूढ चार सिलिंडरी एंजिन प्रॉपेलर थेट फिरविते. मिनिटाला २,७०० फेऱ्यांना १.८३ मी. व्यासाच्या प्रॉपेलरचे टोक सेकंदाला सु. २५९ मी. वेग गाठते. दोन पाती असल्यास पात्यांची आणि ज्वलनाची वारंवारता एकच, ९० हर्ट्‌झ, येते व सलग घरघर ऐकू येते. शंभर अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ मिनिटाला ५,८०० फेरे घेते, पण २.४३ प्रमाणाच्या गिअरबॉक्समुळे प्रॉपेलर सु. २,३९० फेऱ्यांवर राहतो. व्यास १.७३ मी. असल्यास टोकाचा वेग सेकंदाला सु. २१६ मी. इतकाच होतो. ज्वलनाची वारंवारता मात्र १९३ हर्ट्‌झवर जाते.

एंजिनांनुसार फरक : फोक्सवॅगन एंजिनाला सहसा गिअरबॉक्स नसतो. प्रॉपेलर लहान व वेगवान ठेवावा लागत असल्याने टोकाचा वेग फारसा घटत नाही. सुबारूत सिलिंडरांभोवतीचे पाणी यांत्रिक खडखडाट काही प्रमाणात शोषते. माझदाच्या वांकेल (फिरत्या दट्ट्याच्या) एंजिनात झडपा नसतात. निष्कासद्वार एकाएकी उघडते, वायू अतितप्त असतात. त्यामुळे आवाज कर्कश येतो आणि साध्या सायलेन्सरचे आतले पडदे जळून जातात.

मापन व नियंत्रण : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सोळाव्या परिशिष्टानुसार प्रॉपेलरच्या लहान विमानांचा आवाज उड्डाणधावेच्या आरंभापासून २,५०० मी. अंतरावर ‘ए’ भारित डेसिबेलमध्ये मोजतात. मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार केलेल्या या भारणात १०० हर्ट्‌झच्या ध्वनीतून सु. १९, तर २०० हर्ट्‌झच्या ध्वनीतून सु. ११ डेसिबेल वजा होतात. म्हणून ध्वनिदाब समान असला तरी वेगवान एंजिनाच्या निष्कासाचा आकडा अधिक भरतो. अमेरिकेत हौशी बांधणीच्या प्रायोगिक विमानांना ध्वनिप्रमाणपत्र सक्तीचे नाही.

टोकाचा वेग कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय : व्यास घटवून पाती वाढवितात किंवा गिअरबॉक्स बसवितात. सायलेन्सरने निष्कास शांत होतो, मात्र वजन वाढते व प्रतिदाबामुळे थोडी शक्ती जाते. विमानात बसणाऱ्यांच्या कानांचाही विचार करावा लागतो : दिवसाला आठ तास ८५ डेसिबेलहून अधिक आवाज ऐकणे श्रवणास घातक मानले जाते. सक्रिय ध्वनिरोधक हेडसेट खालच्या पट्टीतील घरघर चांगली दडपतो. वरच्या पट्टीतील आवाजासाठी कानावर घट्ट बसणाऱ्या गादीवरच भिस्त राहते.