साडेसहाचा नमुना

12 नोव्हेंबर 1956, रात्री 10. पुण्याहून मुंबईची पॅसेंजर सुटते. गाडीत लक्ष्मीबाई कर्वे आहेत, सधन, विधवा, मधुमेहाच्या रुग्ण. सोबत त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू. मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरलेलं.

पहाटे 5.10. व्हीटी. बाई बेशुद्ध.

5.45. जी. टी. हॉस्पिटल. लागू पेशंटचं नाव खोटं सांगतात.

6.30. लघवी तपासली जाते. साखर सापडते, इन्शुलिन दिलं जातं. या अख्ख्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वस्तू ती लघवी होती. मूत्रपिंडं अजून चालू होती. शरीरात विष गेलं असेल, तर ते किंवा त्याचे अवशेष त्यात उतरण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक होती. तपासणी मात्र मधुमेहापुरतीच झाली. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला दोष कसा द्यायचा? विषाचा संशय यावा असं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

11.30. मृत्यू. पोस्टमॉर्टेम व्हावं, अशी नोंद केसपेपरवर झाली होती. ती खोडली गेली. कारण लिहिलं: मधुमेही कोमा. या कोमात लघवीत ॲसिटोन हवं. कागदावर ते नंतर घातलं गेलं, असं पुढे न्यायालयाने मानलं.

22 नोव्हेंबर. बेवारस ठरलेला देह विच्छेदनासाठी पोचतो. मानेवरची खूण तिथल्या नोकराच्या नजरेस पडते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मृत्यूनंतर दहाव्या दिवशी, पोस्टमॉर्टेम होतं आणि व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे जातो. अहवाल: विष आढळलं नाही.

आढळणार कसं? कुजताना जिवाणू कित्येक विषांचं रूपच बदलून टाकतात. स्टास-ओट्टो पद्धतीने ऊतकांतून अर्क काढून रंगाच्या चाचण्या घ्यायच्या, असा तो काळ. आज मास स्पेक्ट्रोमीटर रक्तातला नॅनोग्रॅमही पकडतो, पण रक्त वेळेवर काढून, फ्लोराइड घालून, थंडाव्यात ठेवलेलं असेल तरच. उशिरा घेतलेल्या नमुन्याची भरपाई कुठलंच यंत्र करत नाही.

इकडे नातेवाइकांना बाईंच्या नावाने पत्रं येत राहिली: लग्न केलंय, सुखात आहे. शेअर आणि पैसा लागूंकडे वळत होते.

खुनाचा खटला चालला. डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागूंची फाशी कायम केली. शरीरात विष सापडलंच पाहिजे असं नाही, आरोपीचं आधीचं आणि नंतरचं वागणंही पुरावा ठरू शकतं, असं बहुमत म्हणालं. न्यायमूर्ती सरकार यांना ते पटलं नाही. विषाने मृत्यू झाल्याचं सिद्धच झालेलं नाही, असं त्यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं.