सुभाष रोडवरचा अट्टा

धारवाडच्या सुभाष रोडवर बाजाराच्या गजबजाटात एक माळा आहे. कन्नडमध्ये माळ्याला अट्टा म्हणतात, आणि गावात नुसतं ‘अट्टा’ म्हटलं की साहित्याची गोडी असलेल्या माणसाला मनोहर ग्रंथमाला ही प्रकाशनसंस्थाच आठवते. जी. बी. जोशींनी १९३३ साली ती सुरू केली. पुढे समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी तिचे सल्लागार झाले. पुस्तकं निघत, त्याहून जास्त गप्पा होत.

त्याच १९३३च्या सुमारास शेजारच्या गदगमधला अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गाण्यासाठी घरातून पळाला. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर करत पोरगं थेट जालंधरला पोहोचलं. तिथे गायक विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं, सवाई गंधर्वांकडे जा. ते राहत होते कुंदगोळला, म्हणजे हुबळीच्या पलीकडे, गदगहून हाकेच्या अंतरावर!

नाटककार गिरीश कर्नाडांची सुटकेची योजना अधिक हिशेबी होती. घरात कोकणी, बालपण शिरसीत, मग धारवाडचं कर्नाटक कॉलेज. स्वप्न होतं इंग्रजीत लिहून परदेशात नाव काढायचं. त्यासाठी हवी शिष्यवृत्ती, तिच्यासाठी पहिला वर्ग, आणि पहिल्या वर्गासाठी भरघोस गुण. गुण गणितात पैकीच्या पैकी मिळू शकतात, म्हणून होऊ घातलेल्या या कवीने गणित आणि संख्याशास्त्र घेतलं. १९५८मध्ये पदवी, १९६०मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड.

निघण्याआधी घरात ताण होता: पोरगा परत येईल ना? त्या दिवसांत कर्नाडांच्या हातून एक नाटक उतरलं, तेही कन्नडमध्ये. याचं सर्वांत जास्त नवल त्यांनाच वाटलं. बापासाठी तारुण्य देऊन टाकणाऱ्या मुलाची ती गोष्ट म्हणजे ‘ययाति’. अट्ट्याने ते १९६१ साली छापलं, तेव्हा लेखक ऑक्सफर्डमध्ये होता. १९६३मध्ये तो मायदेशी आला तो कन्नडमध्येच लिहायचं ठरवून. इतक्या आखणीने सोडलेल्या गावातल्या एका माळ्याने त्याला परत ओढलं, असं म्हणायला हरकत नाही.

मराठी वाचकाला मात्र धारवाड म्हटलं की दुसराच माणूस आठवतो. जी. ए. कुलकर्णी तिथल्या कॉलेजात तीन दशकं इंग्रजी शिकवत राहिले. पुण्या-मुंबईच्या सभा-संमेलनांत ते फिरकत नसत. प्रवास करायच्या त्या त्यांच्या कथा आणि पत्रं. ‘काजळमाया’ या कथासंग्रहाला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही त्यांनी परत केला.

कर्नाड मद्रास, मुंबई, पुणे, बंगळूर असे राहिले, तरी त्यांची कन्नड पुस्तकं सुभाष रोडवरूनच निघत राहिली. २०११चं ‘आडाडता आयुष्य’ हे आत्मचरित्रसुद्धा. जी. एं.नी मात्र अखेरच्या काळात धारवाड सोडलं, ते डोळ्यांच्या आजारापायी. १९८७ साली ते गेले, पुण्यात.