एका चित्रविक्रेत्याची तसबीर

तसबीर ज्याची असेल त्याच्यासारखी ती दिसली पाहिजे, ही अपेक्षा इतकी जुनी व इतकी स्वाभाविक आहे कीं, तिच्याविषयीं वाद घालणेंच चमत्कारिक वाटावें. पाब्लो पिकासो यानें १९१० सालच्या शरद् ऋतूंत पॅरिस येथें काढलेल्या डानिएल-हेन्री काह्नवायलर याच्या तसबिरीपुढें उभा राहणारा मनुष्य म्हणूनच प्रथम गोंधळतो आणि मग रागावतो. सुमारें एक मीटर उंचीचा तो पट; त्यावर तपकिरी, करड्या व काळपट रंगांचे लहान लहान तुकडे एकमेकांत घुसलेले. यांत मनुष्य कोठें आहे? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारास अरसिक म्हणून उडवून लावणाऱ्या पंडितांशीं माझें जमत नाहीं. मला इतकेंच वाटतें कीं, हें चित्र मनुष्य नाहींसा करण्याच्या हौसेनें नव्हे, तर तो हातचा जाऊं नये या धडपडीनें काढलेलें आहे.

काह्नवायलर हा मूळचा जर्मन; मानहाइम येथें १८८४ सालीं जन्मलेला. पेढीवरचा व्यवसाय सोडून त्यानें १९०७ सालीं पॅरिसमध्यें व्हिन्यों रस्त्यावर चित्रांचें एक लहानसें दुकान थाटलें. पुढल्याच वर्षीं, प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं नाकारलेलीं जॉर्ज ब्राकचीं चित्रें त्यानें आपल्या भिंतींवर टांगलीं. तीं पाहून व्होक्सेल नांवाच्या टीकाकारानें घनाकृतींची थट्टा केली आणि त्या थट्टेंतूनच घनवादाला नांव मिळालें.

आतां १९१० च्या उन्हाळ्याकडे वळूं. स्पेनच्या किनाऱ्यावरील कादाकेस या गांवीं पिकासोनें जीं चित्रें काढलीं, त्यांत वस्तूची बाह्यरेषा फुटून आंतले व बाहेरचे पृष्ठभाग एकमेकांत मिसळून गेले. कोणती वस्तु समोर आहे हें ओळखण्यास जवळजवळ कांहीं खूणच उरली नाहीं. तो असंतुष्ट होऊन, अर्धवट चित्रें घेऊन परतला, असें काह्नवायलरनेंच घनवादावरील आपल्या १९२० सालीं म्युनिक येथें निघालेल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. आणखी एक पाऊल, आणि वस्तूचा संबंधच सुटला असता. पुढें इतर चित्रकारांनीं तें पाऊल टाकलेंही. पिकासो मात्र त्या कड्यावरून मागें फिरला आणि त्यानें समोर एक जिवंत मनुष्य बसविला. वीस-तीस बैठकी झाल्या असें सांगतात. ज्याचें साम्य नकोच, त्याला कोण इतक्या वेळां बसवून घेईल?

चित्र पाहतांना वरून, म्हणजे चेहऱ्यापासून, आरंभ करूं नये; तेथेंच फसगत होते. खालून आरंभ करावा. पटाच्या तळाशीं मध्यभागीं एकमेकांत गुंतविलेले दोन हात आहेत. ते एकदां सांपडले कीं बाकीचा मनुष्य हळूहळू जागेवर येऊं लागतो. थोडें वर कोटाखालच्या जाकिटावर घड्याळाची सांखळी. त्याच्याही वर नाकाची पाचर, डोळ्यांच्या खुणा, नीट विंचरलेल्या केसांची लाट. डावीकडे खालीं बाटली व पेला यांचा भास; वर न्यू कॅलिडोनियांतील लांकडी कोरीव मूर्तीची छाया. या खुणा आपण मागाहून घातल्या, नाहींतर चित्र धुरासारखें विरून चाललें होतें, अशा अर्थाचें पिकासोचें बोलणें फ्रान्स्वाझ जिलो हिनें आपल्या आठवणींत दिलें आहे.

मनुष्य सर्व बाजूंनीं एकदम दाखविणें हेंच घनवादाचें रहस्य, असें पाठ्यपुस्तकें सांगतात. या चित्रांत काह्नवायलरची पाठ कोणाला दिसली असेल तर त्यानें मलाही दाखवावी. येथें घडलें आहे तें निराळें आहे. प्रत्येक पृष्ठभागाची एक कड उघडी ठेवलेली असून तींतून तो शेजारच्या पृष्ठभागांत वाहत जातो. सेझानकडून शिकलेली ही युक्ति. उजेडही एका खिडकींतून येत नाहीं. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा उजेड आहे. त्यामुळें शरीर व भोंवतालची हवा यांची सरहद्द पुसली जाते, आणि ती पुन्हां आंखण्याचें काम पाहणाराच्या डोळ्यांवर येतें. काम कष्टाचें आहे. पण रस्त्यांत परिचिताला आपण ओळखतों तें त्याचें नखशिखान्त निरीक्षण करून थोडेंच? चालण्याची एक लकब, हात बांधून बसण्याची एक तऱ्हा, एवढ्यावर ओळख पटते. पिकासोनें नेमकें तेवढेंच शिल्लक ठेवलें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां काह्नवायलर फ्रान्सबाहेर होता. तो जर्मन प्रजाजन. तेव्हां त्याचा सारा संग्रह फ्रेंच सरकारनें शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला, आणि १९२१ ते १९२३ या काळांत पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहांत चार वेळां हातोडा पडून तो मातीमोल भावानें विखुरला. पहिल्या लिलावाच्या वेळीं, सरकारला सल्ला देणाऱ्या लेऑन्स रोझेनबर्ग या विक्रेत्यावर ब्राकनें हात टाकला, एवढा संताप त्या मंडळींत होता. ही तसबीरही त्याच लिलावांत गेली. मालकाचेंच चित्र, मालकाच्या हातून काढून घेऊन, विकलें गेलें.

काह्नवायलर १९७९ पर्यंत जगला. तसबीर १९४८ सालीं शिकागोच्या कलासंग्रहालयास देणगीदाखल मिळाली, आणि तिच्या तळाशीं ते गुंतविलेले दोन हात तसेच आहेत.